साठा नोंदवहीतला मे महिना

२६ जून २०२४, बुधवार. अमली पदार्थविरोधी दिन. आमची मुलं सकाळी शाळेच्या फेरीत घोषणा देऊन आली होती. आदल्या रात्री फलक रंगवताना कुणीतरी ‘व्यसन’चं ‘वेसन’ केलं होतं, ते मीच दुरुस्त करून दिलं. रात्री साडेनऊला स्वयंपाकाच्या मावशी घरी निघाल्या आणि जाता जाता माझ्या टेबलापाशी थांबल्या. “ताई, रागावू नका. उशांचे अभ्रे धुवायला काढले, तर चार-पाच अभ्र्यांना टायरच्या दुकानासारखा वास येतोय.”

मी म्हणाले, पावसाळी कुबट वास असेल. मावशी काही बोलल्या नाहीत. एक अभ्रा माझ्यासमोर ठेवला आणि गेल्या.

मी नाशिकमध्ये मुलांच्या एका बालगृहाची अधीक्षक आहे. खासगी संस्था, बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ खाली नोंदणी, मान्यता ५० मुलांची, त्या दिवशी पटावर ४२. त्या रात्री मी मोबाइलवर शोधत बसले होते की संस्थेतली मुलं नशा करताना सापडली तर नेमकं करायचं काय. जे मिळालं ते एकतर शासनाचे निर्णय होते, नाहीतर भाषणं. कुणाला आधी फोन करायचा, कोणता कागद कुठे द्यायचा, मुलाशी रात्री काय बोलायचं, हे कुठेच नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

मुलांची ओळख उघड करणं कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे, त्यामुळे तिघांना थोरला, मधला आणि धाकटा म्हणते. वयं १७, १५ आणि १२. भाऊ नाहीत ते एकमेकांचे.

अभ्रा हुंगला आणि गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीमागे तिघं बसले होते. मी ओरडले. थोरला उठून पळाला, मी त्याच्या मागे, आणि जिन्याच्या वळणावर दंड धरून त्याला खाली आणलं. त्याची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मला वाटलं, घाबरलाय, बरं झालं, घाबरू दे.

या प्रकरणात मी बऱ्याच चुका केल्या, पण ही जिवावर बेतणारी होती. सहा दिवसांनी सिव्हिलमधल्या डॉक्टर मॅडमनी ते सांगितलं तेव्हा माझे पाय लटपटले. सोल्युशनची, म्हणजे पंक्चर काढताना लावतात त्या चिकट द्रवाची, वाफ ओढलेल्या मुलाच्या हृदयाची लय नाजूक झालेली असते. त्यात भीतीने किंवा धावपळीने अ‍ॅड्रेनालिन उसळलं तर ठोके जागच्या जागी थांबू शकतात, आणि पहिल्यांदाच ओढणाऱ्या मुलाच्या बाबतीतही हे होऊ शकतं. तेव्हा असं मूल सापडलं तर ओरडू नका, पाठलाग तर मुळीच करू नका. हळू आवाजात बोला, मोकळ्या हवेत बसवा, एकटं सोडू नका, भान हरपतंय असं वाटलं की १०८ ला फोन करा. चौकशी सकाळी करता येते.

पोरं त्याला ‘सुलोचन’ म्हणतात. सोल्युशनचा अपभ्रंश. पंक्चरवाल्याकडचं, चांभाराकडचं, सोफेवाल्याकडचं, सगळं सुलोचनच. नाशिकरोड स्टेशनवर किंवा गंगेवर, म्हणजे इथल्या गोदाकाठी, राहून आलेल्या मुलांना हा शब्द माहीत असतो, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक होतं. आमच्या छपराखाली तो बोलला जातोय, हे मात्र माहीत नव्हतं. खुणा सगळ्या समोर होत्या. ओठांभोवती पुरळ होतं, मी मलम लावत होते. धाकटा शाळेतून आल्यावर पेंगत होता, मी त्याला जंताची गोळी दिली. हातरुमाल सारखे हरवत होते. एका मावशींनी सोडून कुणी त्या खुणा एकत्र मांडल्या नाहीत, आणि त्यांना तर आमच्या कर्मचारी बैठकीला बोलावतही नव्हतो.

गुरुवारी सकाळी मी औषधाच्या दुकानातून लघवी तपासायची किट आणली. सहा पट्ट्यांचं एक, ३८० रुपये. ज्यांच्यावर संशय होता अशा सात मुलांसाठी सात, २,६६० रुपये. त्या वर्षभर वर्तमानपत्रं एमडीने, म्हणजे मेफेड्रोनने, भरलेली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी इथे शिंदे गावातल्या कारखान्यावर छापा टाकून मेफेड्रोन पकडलं, तेव्हापासून नाशिककरांना नशा म्हटलं की एमडीच आठवतं. माझंही तसंच. सातपैकी सहा मुलांच्या सगळ्या पट्ट्या निगेटिव्ह आल्या आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. ते पैसे आणि तो निःश्वास, दोन्ही वाया. त्या पट्ट्या गांजा, अफूच्या गटातले पदार्थ, झोपेच्या गोळ्या वगैरे दाखवतात. सोल्युशन त्यात दिसतच नाही. शिवाय मुलांना काहीही न सांगता बाटल्या हातात दिल्यामुळे, आदल्या रात्री बोलायच्या बेतात असलेला धाकटाही गप्प झाला.

सातवा होता मधला. त्याची झोपेच्या गोळ्यांची पट्टी पॉझिटिव्ह आली. मालेगावकडे जिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती. नाव ऐकून मला काहीतरी भयानक रसायन वाटलं होतं. प्रत्यक्षात ते अल्प्राझोलाम, घबराटीवर डॉक्टर लिहून देतात ते साधं औषध. मी लगेच त्याची पेटी तपासली, सहा गोळ्या सापडल्या, त्या काढून घेतल्या आणि वाटलं, मिटलं. हीसुद्धा चूकच. पुढे येईल.

त्याच रात्री साठा नोंदवही उघडली.

आमच्याकडे रेक्झिनच्या पिशव्या आणि फायली शिवायचा व्यवसाय वर्ग चालतो. रेक्झिन, चेन, धागे आणि चिकटवायचं सोल्युशन भांडारातून द्यायचं आणि नोंदवहीत लिहायचं. मार्च : १ डबा. एप्रिल : १ डबा. मे : ४ डबे. १ मेपासून शिक्षक सुट्टीवर होते, वर्ग बंद होता. बंद वर्गाने चार डबे सोल्युशन वापरलं होतं. चारही ओळी थोरल्याच्या अक्षरात, कारण तो शिक्षकांचा मदतनीस. चारही ओळींपुढे माझी सही. महिनाअखेर नोंदवह्यांचा गठ्ठा येतो, मी पानं उलटत सह्या करत जाते, चहा प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात. भांडाराची किल्ली माझ्याच खोलीच्या दारामागे खिळ्याला असायची.

आणि त्या दिवशी मी शाळेच्या कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यावर पाळत ठेवायला आमच्या ड्रायव्हरला बसवलं होतं.

शुक्रवारी २८ जूनला विश्वस्तांना सांगितलं. आमची नोंदणी पाच वर्षांची असते आणि ती नेमकी नोव्हेंबरमध्ये संपत होती. सचिवकाका वयाने मोठे, चांगले गृहस्थ. ते म्हणाले, “मॅडम, आपण आपल्या पातळीवर समज देऊ. हे कागदावर कशाला?” खजिनदारांचं म्हणणं, तिघांची दुसऱ्या संस्थेत बदली मागा, वर्तणुकीचं कारण दाखवा. मला राग आला असं लिहायला आवडलं असतं. खरं म्हणजे मला हायसं वाटलं. तसं पत्र मी टाइपही करायला घेतलं. ‘सदर प्रवेशितांनी संस्थेबाहेरून नशेचे पदार्थ आणल्याने’ इथपर्यंत आले. नोंदवही कीबोर्डच्या शेजारीच उघडी पडली होती. पुढे टाइप करता येईना.

मग दुसरं पत्र लिहिलं, तीन पानी. अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीला मूळ, जिल्हा बाल संरक्षण कक्षाला प्रत. कुणी हे वाचून असा अहवाल लिहिणार असेल तर : काय सापडलं, कधी, कुणाला, एवढंच सरळ लिहा. ‘असे वाटते’, ‘संशय आहे’ हे वेगळ्या परिच्छेदात टाका. नोंदवहीच्या त्या पानाची झेरॉक्स, त्या आठवड्याचा हजेरीपट, मुलांच्या वैद्यकीय नोंदी जोडा. स्वतः काय केलं आणि काय चुकलं तेही लिहा, कारण ते नाहीतरी विचारलं जातंच. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. त्या शिक्क्याने मला पुढे दोनदा वाचवलं. आणि पत्र देण्याआधी मुलांना सांगा की ते देणार आहात. हे मी केलं नाही.

सोमवारी, १ जुलैला समितीपुढे हजर. अकराची वेळ होती, नंबर लागला अडीचला. डबा घेऊन जा, मुलांसाठीही. आत गेल्यावर अध्यक्षांनी पहिल्यांदा मला बाहेर बसवलं आणि प्रत्येक मुलाशी एकेकटं बोलले. तो पाऊण तास मला फार अपमानास्पद वाटला. नंतर कळलं, पद्धतच तशी आहे आणि तशीच असायला हवी. मला आत बोलावल्यावर एका सदस्यबाईंनी विचारलं, “किल्ली कुठे असायची?” मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. ओरडलं कुणीच नाही, आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

आदेश निघाला : तिघांची मानसोपचार तपासणी, समुपदेशन, १५ दिवसांत अहवाल. आणि अधीक्षकांनी भांडाराच्या व्यवस्थेबाबत सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. माझ्या नोकरीतला पहिला खुलासा.

पोलिसांकडेही गेलो, पण त्यात एक मेख आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे मुलाला दारू, अमली पदार्थ, तंबाखू किंवा मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. सोल्युशन या शब्दांत कुठे बसवायचं? ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांनी पुस्तक माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, “मॅडम, तुम्हीच दाखवा.” दाखवता आलं नाही. शिवाय ते दिलं कुणी, तर आमच्या भांडाराने. मधल्याच्या गोळ्यांचं मात्र तसं नव्हतं. अल्प्राझोलाम मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे, आणि मधल्याने शाळेच्या फाटकावर येणाऱ्या एका मोठ्या मुलाचं नाव सांगितलं. ती तक्रार घेतली गेली. अजून चालू आहे, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

मंगळवारी त्र्यंबक रोडला, सिव्हिलमध्ये. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरला पैसे लागत नाहीत, तपासण्यांनाही नाही. खर्च झाला तो डिझेल आणि वडापावचा. समितीच्या शिक्क्याचा आदेश मूळ प्रतीत न्या, जन्मतारखेचा पुरावा न्या, आणि एका मुलामागे एक माणूस न्या. मी एकटी तिघांना घेऊन गेले होते. एक रक्ताच्या रांगेत, एक ईसीजीला आणि तिसरा कुठे आहे ते बघण्यात माझा दिवस गेला.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. आधी तिघांशी बोलल्या, मग माझ्याशी. सुलोचनवर उतारा म्हणून कोणतंही औषध नाही, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. मी औषधाची यादी लिहायला वही उघडून बसले होते. दारू सोडताना होतो तसा शरीराचा मोठा त्रास यात सहसा होत नाही. चिडचिड होते, झोप जाते, लक्ष लागत नाही, आणि ते काही आठवडे टिकतं. “त्या काही आठवड्यांत तुमच्याकडे दुपारी काय असतं, त्यावर सगळं आहे,” त्या म्हणाल्या. मी म्हणाले, दुपारी अभ्यासिका असते. त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकटा हसला.

बाकीच्या नशा मोठ्यांत जास्त, ही एकच मुलांत जास्त, असंही त्या म्हणाल्या. घरी आल्यावर मी ‘एम्स’चा २०१९ चा देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल उघडून पाहिला. हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण १० ते १७ वयात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. साधं कारण आहे. स्वस्त, कुठेही मिळणारं, आणि दुकानदाराला त्यात काही गैर वाटत नाही. बाटलीतल्या व्हाइटनरवर केंद्राने २०१२ मध्ये बंदी आणली, आता तो पेनात मिळतो. सोल्युशनचं काय करणार? पंक्चर कुणाला चुकलंय?

मग मधल्याची पाळी आली. मी कौतुकाने सांगितलं की गोळ्या गुरुवारीच जप्त केल्या. मॅडमनी पेन खाली ठेवलं. रोज घेणाऱ्याच्या या गोळ्या एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते. त्याला पाच दिवस झाले होते, हात थरथरत होते, रात्री घामाने कपडे भिजत होते, आणि मी ते ढोंग समजत होते. त्याला दाखल करायचं ठरलं. डोस ठरवून, थोडा थोडा कमी करत.

दाखल करणं वाटतं तेवढं सरळ नाही. बालगृहातल्या मुलाच्या बाबतीत आई-वडिलांच्या जागी समितीचा आदेश लागतो. नशेच्या आहारी गेलेल्या मुलाला उपचारासाठी हलवण्याची तरतूद बाल न्याय कायद्याच्या कलम ९३ मध्ये आहे. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम ८७ सांगतं की अल्पवयीन मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं आणि त्याच्याजवळ सतत कुणीतरी थांबायचं. हे ‘कुणीतरी’ आमच्यासारख्या संस्थेत आणायचं कुठून? दोन काळजीवाहक, एक सुट्टीवर. आदेश दुसऱ्या दिवशी मिळाला आणि मधला नऊ रात्री तिथे राहिला. चार रात्री काळजीवाहक दादा, तीन मी, दोन सचिवकाका. हो, तेच. न बोलावता आले, घरून चादर घेऊन. संस्थेत बदली माणूस ठेवला, रात्रीचे ५०० रुपये, नऊ रात्रींचे ४,५००. ते कोणत्या लेखाशीर्षात टाकायचे यावर लेखापरीक्षकांशी नंतर महिनाभर पत्रव्यवहार झाला.

मधल्या काळात कुणीतरी सुचवलं म्हणून शहराबाहेरचं एक खासगी व्यसनमुक्ती केंद्रही पाहून आले. महिना १५,००० रुपये, किमान सहा महिने. १४ वर्षांचा एक मुलगा मोठ्या माणसांबरोबर एकाच हॉलमध्ये होता, बाहेरून कुलूप. नोंदणीचं प्रमाणपत्र मागितलं तर ‘साहेब आल्यावर दाखवतो’. साहेब आले नाहीत. अशा ठिकाणी पाऊल टाकताना आधी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या नोंदणीचा कागद मागा, चहा नंतर घ्या.

९ जुलैच्या पहाटे थोरला निघून गेला. खिडकीचा गज वाकवलेला नव्हता, कुलूप तुटलं नव्हतं, दूधवाल्याला फाटक उघडलं तेव्हा तो सरळ चालत गेला. संस्थेतलं मूल हरवलं तर साधी ‘मिसिंग’ नोंदवून चालत नाही, अपहरणाचा गुन्हा दाखल व्हावा लागतो. नवे फौजदारी कायदे लागू होऊन तो नववा दिवस होता. ठाणे अंमलदार जुन्या दंड संहितेचं ३६३ लिहायला गेले, थांबले, भिंतीवरच्या तक्त्यात बोट फिरवत भारतीय न्याय संहितेचं १३७ शोधून काढलं. त्यात पाऊण तास गेला. त्यांना तरी काय बोलणार. मुलाचा ताजा फोटो, अंगावरच्या खुणा, शेवटचे कपडे, हे प्रत्येक मुलाच्या फायलीत दर तीन महिन्यांनी नवं करून ठेवा. माझ्याकडचा फोटो दोन वर्षांपूर्वीचा होता. त्यात थोरल्याला मिसरूड नव्हती.

तीन दिवस. आमचे ड्रायव्हर आणि मी सीबीएस बसस्थानक, ठक्कर बाजार, भद्रकाली, रामकुंड, दुतोंड्या मारुतीच्या मागचे ओटे, सगळं पालथं घातलं. रात्री गंगेवर दिसलेली मुलं मोजली असती तर आमचं आणखी एक बालगृह भरलं असतं. १२ तारखेला नाशिकरोड स्टेशनवर रेल्वे पोलिसांना तो सापडला, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवरून निरोप आला.

गाडीत बसल्यावर मी काहीच विचारलं नाही. डॉक्टरांचं एवढं तरी शिकले होते. द्वारका चौकाच्या सिग्नलला तो म्हणाला, “तुम्ही पाठवणारच होतात ना दुसरीकडे. मग मीच गेलो.” त्याने माझ्या संगणकावरचं ते अर्धवट पत्र पाहिलं होतं. कार्यालयातली साफसफाई त्याच्याकडेच असायची.

मी त्याला सांगितलं की ते पत्र मी दिलं नाही. “पण लिहिलंत,” तो म्हणाला.

जुलै-ऑगस्टमध्ये काय बदललं ते थोडक्यात सांगते, कारण ते नाट्यमय काहीच नाही. भांडाराला दोन कुलपं लागली, किल्ल्या दोघांकडे. सोल्युशन बंद झालं, पिशव्या फक्त शिवून करायच्या, जिथे चिकटवणं अडेल तिथे पाण्यात मिसळणारा पांढरा गोंद. शिक्षक कुरकुरले, फायली आता जरा वाकड्या होतात. संस्थेतल्या मुलांच्याच बाल समितीची बैठक कागदावर दर महिन्याला व्हायची, ती खरोखर घेतली आणि मुलांनाच विचारलं की आणखी काय काय कुलपात ठेवायला हवं. तेरा गोष्टी निघाल्या. रंगकामातला थिनर माझ्या डोक्यात होता. माझ्या स्कूटरचं पेट्रोल नव्हतं. सांगणारा आठ वर्षांचा होता.

दुपारी साडेचार ते साडेसहा हा आमच्याकडचा मेलेला वेळ. शाळा सुटलेली, काळजीवाहकांची पाळी बदलतेय, मी कार्यालयात कागदांत. ओढण्याच्या जवळपास सगळ्या वेळा त्याच दोन तासांतल्या निघाल्या. अभ्यासिका सातला नेली आणि त्या जागी मैदान. शेजारच्या कॉलनीतला एक निवृत्त क्रीडाशिक्षक कबड्डी घ्यायला येऊ लागला, मानधन घेत नाही, फक्त चहात साखर दोन चमचे. समुपदेशक आठवड्यातून दोनदा, प्रत्येक खेपेला ८०० रुपये, देणगीतून. पहिले पाच आठवडे थोरला तिच्यासमोर नुसता बसून राहायचा. तिने बिलात ती सत्रंही लावली म्हणून खजिनदार नाराज. मी म्हटलं, काका, बसून राहणं हेच त्याचं बोलणं आहे सध्या. हे वाक्य तिचंच होतं, मी वापरलं.

शिक्षेबद्दल एक. आमच्या एका काळजीवाहकाने पहिल्याच आठवड्यात धाकट्याला कानफटात मारली, ‘भल्यासाठी’. संस्थेतल्या माणसाने शिस्तीसाठी मुलाला मारलं तर बाल न्याय कायद्याचं कलम ८२ आहे, पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड. मी ती घटनासुद्धा समितीला लेखी कळवली. कर्मचाऱ्यांत माझी लोकप्रियता तेव्हापासून जी खाली आली, ती अजून तिथेच आहे.

७ सप्टेंबरला गणपती बसले. कॉलनीच्या मंडळाने आमच्या मुलांना सजावटीला बोलावलं, मीही हौसेने पाठवलं. थर्माकोल, कागद, आणि हे सगळं चिकटवायला काय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी धाकटा त्या वासाने माखून परत आला. येऊन स्वतः माझ्या दारात उभा राहिला, बोलेना. मला त्याला हलवून विचारावंसं वाटत होतं, अरे इतकं सगळं केलं ना तुझ्यासाठी? ते तोंडाशी आलेलं गिळलं. व्हरांड्यात बसवलं, पाणी दिलं, बाजूला बसले. अर्ध्या तासाने म्हणाला, “ताई, फायलीत लिहिणार?” म्हटलं, हो. “पळालो नाही, तेपण लिहा.” ते आधी लिहिलं.

डॉक्टर मॅडमना फोन केला. पुन्हा घेणं आजारातच धरलेलं आहे, म्हणाल्या, पुढच्या मंगळवारी घेऊन या. रात्री-अपरात्री कुणाला विचारावंसं वाटलं तर नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट. मी टेलिमानसला एकदा फोन केला होता. मुलांसाठी नाही, स्वतःसाठी. ते इथे लिहू की नको असा विचार करत होते.

नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज ऑगस्टमध्येच दिला होता. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, सगळे साहेब निवडणुकीच्या कामाला. २० नोव्हेंबरला मतदान झालं, मुदत संपून गेली, आमची फाइल जागची हलली नाही. अशा वेळी मुदतीआधी अर्ज दिल्याचा आवक शिक्का हाच आधार असतो. तपासणी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. तपासणी समितीने प्रसाधनगृहं, धान्य, अग्निशमन पाहिलं आणि मग साठा नोंदवही मागितली. मी मे महिन्याचं पान स्वतःच काढून दिलं, माझ्या खुलाशाची प्रत टाचून. त्यांनी ते आधीच वाचलेलं होतं. एका अधिकाऱ्यांनी विचारलं, “आता सही करताना वाचता का?” म्हटलं, चहा नंतर घेते. ते हसले नाहीत.

प्रमाणपत्र फेब्रुवारीत आलं, दोन अटींसह : अर्धवेळ समुपदेशकाचं पद कायम ठेवणे, आणि भांडाराची मासिक पडताळणी अधीक्षकाव्यतिरिक्त अन्य व्यक्तीने करणे. दुसरी अट मला लागली थोडी. पडताळणी आता मावशी करतात. त्यांना लिहायला वेळ लागतो, पण डबे हातात घेऊन हलवून बघतात.

आठ महिन्यांत संस्थेचा वरखर्च ६० हजारांच्या आसपास गेला, त्यात सगळ्यात मोठा वाटा समुपदेशकाच्या मानधनाचा. मधल्याच्या गोळ्या नोव्हेंबरात पूर्ण सुटल्या. धाकट्याने गणपतीनंतर एकदा ओढलं, डिसेंबरात. त्यानंतर मला माहीत असेपर्यंत नाही.

थोरला जानेवारीत १८ पूर्ण झाला. अनुरक्षण गृहात जागा मिळाली, २१ पर्यंत राहता येतं. सातपूरला एका दुचाकी गॅरेजमध्ये काम धरलं हे त्याने मला लागल्यावर सांगितलं, आधी नाही. गॅरेज! मी दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन धडकले. फळीवर सोल्युशनच्या ट्यूब ओळीने लावलेल्या. तो एका गाडीचं ऑइल बदलत होता.

“पंक्चर मी काढत नाही,” माझ्याकडे न बघता म्हणाला. “ते दुसरा पोरगा काढतो.”

“मालकाला काही सांगितलंस?”

“सांगितलं.”

“काय म्हणाले?”

“काही नाही. पंक्चरचं टेबल बाहेर रस्त्यावर काढलं.”

मग त्याने माझ्या स्कूटरचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं, हवा कमी आहे म्हणाला, आणि पंप आणायला आत गेला.